मोतीच्या जागी कोण?

आजोबांच्या वेळी वाड्यात मोती होता. वडिलांच्या बदलीच्या गावी टायगर आला. तो फाटकापाशी साखळीला असायचा आणि रात्रीची उरलेली पोळी खाऊन वाढला. मग फ्लॅटमध्ये ब्राउनी आली. तिचं खाणं ऑनलाइन यायचं, ती सोफ्यावर झोपायची आणि तिचा वाढदिवसही व्हायचा. अनेक मराठी घरांचा तीन पिढ्यांचा इतिहास असा कुत्र्यांच्या नावांवरून सांगता येतो. पिढ्या बदलल्या, कुत्र्याची झोपायची जागा बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. कुत्रं गेलं की घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त राबलेलं माणूस, डोळे पुसत म्हणतं, ‘‘आता पुन्हा घरात कुत्रं नको.’’ आणि पाच-सहा महिन्यांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एका पिल्लाचा फोटो टाकतं.

फोटो आला की घरात दोन तट पडतात. एकाला वाटतं, इतक्या लवकर दुसरं आणणं म्हणजे गेलेल्याशी बेइमानी. दुसऱ्याला रिकामं घर सोसत नाही. वाद भावनेचा असल्याने तो भावनेनेच सुटेल असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात या निर्णयात माणसाचं आरोग्य आहे, कुत्र्याचं आरोग्य आहे आणि आपली स्मरणशक्ती आपल्याला कुठे चकवते हेही आहे. या तिन्हींबद्दल विज्ञानाकडे सांगण्यासारखं बरंच काही आहे.

सुरुवात दुःखापासून करू. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाला नाव दिलं ज्याला समाज मान्यताच देत नाही. गर्भपात, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू ही त्याची नेहमीची उदाहरणं. माणूस गेलं तर शेजारी पिठलं-भात आणून देतात, ऑफिस रजा देतं, दहावं-तेरावं होतं, लोक भेटायला येतात. हे सगळे विधी दुःखाला वाट करून देतात. बारा वर्षं रोज पहाटे उठवणारा जीव गेला तर माणूस त्याच दिवशी साडेनऊच्या मीटिंगला बसतं आणि डोळे का सुजलेत हे सांगायला लाजतं. सांगितलंच तर ‘कुत्रंच तर होतं’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

‘कुत्रंच तर’ हे शरीराला मात्र पटत नाही. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. कुत्रा आणि त्याचा मालक यांना अर्धा तास एका खोलीत ठेवलं आणि आधी व नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्या जोड्यांनी एकमेकांकडे जास्त वेळ पाहिलं, त्यांच्यात ते दोघांमध्येही वाढलेलं आढळलं. आई आणि तान्हं बाळ यांच्यातली ओढ घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला तेव्हा हे घडलं नाही. म्हणजे कुत्रा नुसता माणसाळलेला लांडगा नाही. हजारो वर्षांच्या सहवासात त्याने आपल्या ममतेच्या यंत्रणेतच शिरकाव करून घेतला आहे. तो जातो तेव्हा ही रोजची नजरानजर थांबते, आणि तिच्याबरोबर फिरणं, बोलणं, ठरल्या वेळी उठणंही. दुपारी चारला दार वाजल्यासारखं वाटणं, जेवताना पोळीचा तुकडा नकळत बाजूला काढला जाणं, यात वेडेपणा काही नाही.

हे दुःख आजच्या शहरी लाडांचं फळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुना दाखला आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा होता. कुत्रा जेमतेम सात महिन्यांचा. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून, त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता आणि आजारात तो कित्येक आठवडे तग धरून होता, असा निष्कर्ष २०१८मध्ये मांडला गेला. कोणीतरी पाणी पाजल्याशिवाय, उबेला घेतल्याशिवाय हे होणं अवघड. आजारी पिल्लू त्या काळी शिकारीच्या काय कामाचं होतं? तरीही कोणीतरी त्याची शुश्रूषा केली आणि पुढे माणसांच्या शेजारी त्याला जागा दिली.

तर दुःख खरं आहे. ते बहुतेकांत आपोआप हळूहळू निवळतं. मात्र कित्येक आठवडे झोप-भूक परतली नाही, कामात लक्ष लागेना, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ‘कुत्र्यासाठी कुठे डॉक्टरकडे जायचं’ म्हणून थांबू नये. कुत्र्याला वेदनामुक्त मरण देण्याचा निर्णय घ्यावा लागलेल्यांच्या मनात ‘मीच मारलं’ ही टोचणी असते. ती पशुवैद्याशी एकदा स्पष्ट बोलून घेतल्याने पुष्कळ कमी होते. लहान मुलांना ‘शेतावर पाठवलं’ असं सांगणं टाळावं. मुलं वाट पाहत राहतात, आणि खरं कळतं तेव्हा त्यांना फसवल्याचं दुःख वेगळं होतं.

मग दुसरं कधी आणायचं? सहा महिने, वर्ष, असा काही शास्त्रशुद्ध सुतकाचा काळ नाही. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची लाडकी चाऊ कुत्री जोफी जानेवारी १९३७मध्ये गेली. फ्रॉइड तेव्हा ऐंशी वर्षांचे, कर्करोगाने त्रासलेले. दुसरी चाऊ लून हिचं जोफीशी पटत नसल्याने तिला आधी दुसरीकडे ठेवलं होतं. जोफी गेल्यावर काही दिवसांतच लून घरी परतली. शोकावर प्रसिद्ध निबंध लिहिणाऱ्या माणसानेही वर्षभर थांबायचं ठरवलं नाही. अर्थात यावरून ‘लगेच आणा’ असा नियम काढायचं कारण नाही. लून त्या घराच्या ओळखीची होती. अनोळखी पिल्लू हे वेगळं प्रकरण.

घरात आधीच दुसरा कुत्रा असेल तर त्याचंही मत घ्यायला हवं. इटलीत चारशेहून अधिक मालकांची पाहणी झाली होती. त्यांच्या दोन कुत्र्यांपैकी एक गेलेला होता. मागे राहिलेल्या कुत्र्यात बदल झाल्याचं ८६ टक्के मालकांनी सांगितलं. खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाला चिकटून राहणं जास्त. बऱ्याच कुत्र्यांत हे महिनोन्‌महिने टिकलं. ही मालकांनी सांगितलेली निरीक्षणं आहेत, आणि मालक स्वतः दुःखात असतात, हे लक्षात घेऊनही एवढं म्हणता येईल की अशा खिन्न, वयस्क कुत्र्याच्या अंगावर ‘त्याला सोबत होईल’ म्हणून दोन महिन्यांचं धसमुसळं पिल्लू सोडणं ही त्याच्यासाठी शिक्षा ठरू शकते.

‘कधी’पेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याला आधीची कुत्री नेमकी कशी आठवतात? कारण पुढचा निर्णय आपण त्या आठवणींवर घेतो, आणि आठवणी हिशेबाला कच्च्या असतात.

डॅनियल कानेमन आणि डोनाल्ड रेडलमायर यांनी १९९६मध्ये आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. तपासणी किती वेळ चालली याचा रुग्णांच्या आठवणीवर जवळजवळ परिणाम नव्हता. सर्वांत तीव्र वेदनेचा क्षण आणि शेवटची काही मिनिटं, एवढ्यावरच ‘किती त्रास झाला’ हे ठरत होतं. हा अभ्यास कुत्र्यांचा नाही. पण ज्या घरात कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊन शेवटचे दहा दिवस सलाइन, उलट्या आणि रात्रीचं कण्हणं यांत गेले, तिथे बारा वर्षांवर हे दहा दिवस बसतात ते याच रीतीने. ‘पुन्हा नको’ हा निर्णय अनेकदा त्या दहा दिवसांनी घेतलेला असतो.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची. चार-सहा महिने गेले की शेवट पुसट होतो आणि मोबाइलमधले फोटो तेवढे उरतात. फोटो कोणी कुत्र्याने चपला फाडल्यावर काढत नाही; काढला तरी तो हसण्यासाठी. जुलैच्या पावसात रात्री अकराला छत्री धरून खाली कोण उतरत होतं, लिफ्ट बंद असताना जिना कोण चढत होतं, गणपतीत गावाला जाताना दर वर्षी कोणाचं जाणं रद्द व्हायचं, हे फोटोत नसतं. पिल्लाचं पहिलं वर्ष तर बहुतेक घरं साफ विसरतात. बाळंतपणाच्या कळा विसरल्या जातात म्हणतात, तसंच.

म्हणून पशुवैद्य नवीन पिल्लाबद्दल बोलताना जुन्या कुत्र्याची फाइल मागतात तेव्हा तो निव्वळ उपचार नसतो. ती फाइल हीच खरी आठवण. तिच्यात लसी कधी चुकल्या, वजन कधी वाढलं, टिक फिव्हर किती वेळा झाला, शेवटच्या दोन वर्षांत खर्च किती झाला हे तारखांनिशी असतं. ती घेऊन सगळ्यांनी एकदा बसावं. बसल्यावर घरोघरी जवळजवळ सारखाच शोध लागतो: कुत्रा ‘सगळ्यांचा’ होता, पण त्याचं सगळं एकच माणूस करत होतं. त्या माणसाचं मत इतरांच्या मताइतकंच मोजणं हा अन्याय आहे. ‘नको’ म्हणणारी व्यक्ती तीच असेल तर तिचं ‘नको’ दगडासारखं काळीज म्हणून आलेलं नसतं. तिला फाइल न उघडता सगळं आठवत असतं.

आठवणींचा आणखी एक आग्रह असतो, ‘तसाच हवा’. तीच जात, तोच रंग, कधी तर तेच नाव. लॅब्रेडॉर होती म्हणून पुन्हा लॅब्रेडॉर. या आग्रहाला २०२२च्या एका मोठ्या अभ्यासाने धक्का दिला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. कुत्र्या-कुत्र्यांतल्या स्वभावाच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता येतो, असं आढळलं. आकार, केस, कानांची ठेवण जात ठरवते. तुमची ब्राउनी पाहुण्यांच्या पायाशी जाऊन बसायची, तो गुण मात्र लॅब्रेडॉरचा नसून तिचा होता.

पैसा असेल तर जनुकंसुद्धा तीच आणता येतात. दक्षिण कोरियात २००५मध्ये स्नपी हा पहिला क्लोन केलेला कुत्रा जन्मला. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी आपल्या गेलेल्या कुत्रीच्या पेशींपासून दोन पिल्लं करवून घेतल्याचं २०१८मध्ये सांगितलं, आणि दोघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत हेही सांगितलं. ‘तसाच हवा’चा सगळ्यात महाग प्रयोगही तिथेच येऊन थांबला. नव्या पिल्लाला मात्र या तुलनेचा जाच होतो. आधीची एका हाकेत यायची, हा येत नाही, म्हणून तो ‘मठ्ठ’ ठरतो. आधीची त्याच्या वयाची असताना काय करत होती हे कोणालाच आठवत नसतं.

जातीचा विचार करायचाच तर तो आयुष्य आणि हवामान यांसाठी करावा. साधारणपणे कुत्रा जितका मोठा तितकं आयुष्य कमी. प्रौढ वजनातल्या दर दोन किलोमागे सुमारे महिनाभर आयुष्य घटतं असं अनेक जातींच्या नोंदींवरून दिसलं आहे. चपट्या नाकाच्या पगला मे महिन्यात विदर्भात श्वास घेणंच जड जातं आणि बर्फातल्या हस्कीला नागपुरात आणणं ही हौस कोणाची, हे त्याला विचारायची सोय नाही. आपल्याकडचा गावठी कुत्रा इथल्या उन्हा-पावसात तावूनसुलाखून निघालेला आहे. त्याला लशी लागत नाहीत हा समज मात्र चुकीचा.

आता वयाचा हिशेब. हा घरात कोणी मोठ्याने करत नाही. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, घरात सत्तरीचे दोघं. पिल्लू तेरा वर्षं जगलं तर त्याच्या म्हातारपणात हे दोघं त्र्याऐंशीचे असतील. कुत्र्याचा आधार असतो हे खोटं नाही. स्वीडनमध्ये चौतीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कुत्रा पाळणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी दिसला. एकट्या राहणाऱ्यांत तो सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. पण ज्यांची तब्येत मुळात चांगली असते तेच कुत्रा पाळायला धजतात, ही शक्यता अशा अभ्यासात पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. कुत्रा म्हणजे रक्तदाबाची गोळी नव्हे.

दुसरीकडे, पट्टा हातात धरून कुत्रा फिरवताना पडून हाड मोडलेल्या पासष्टीपुढच्या लोकांची अमेरिकेतल्या इस्पितळांतली संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाली. त्यांत बायका जास्त होत्या, आणि सर्वाधिक मोडलेलं हाड खुब्याचं होतं. आपल्याकडे फुटपाथ उखडलेले आणि कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी. तीस किलोच्या कुत्र्याने एक हिसका दिला की पुरे. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आजींनी पट्ट्याचं टोक मनगटाला गुंडाळून फिरायला जाऊ नये, हे इतकं साधं आहे की कोणी सांगतच नाही.

याचा अर्थ साठीनंतर कुत्रा पाळू नये असा नाही. पिल्लूच हवं हा हट्ट तेवढा सोडता येतो. पाच-सात वर्षांचे, नसबंदी झालेले, लसीकरण झालेले, शांत स्वभावाचे कितीतरी कुत्रे प्राणिकल्याण संस्थांकडे घराची वाट पाहत असतात आणि पिल्लांपुढे त्यांना कोणी विचारत नाही. त्यांचा स्वभाव घडलेला असतो, म्हणजे काय मिळणार हे आधी दिसतं. अनेक संस्थांना आजारातून उठलेल्या कुत्र्यांना काही आठवडे सांभाळणारी घरंही हवी असतात. निर्णय होत नसेल तर हा मधला मार्ग बरा. आपल्याला अजून झेपतं का हे महिन्याभरात कळतं. आणि आपल्यानंतर कुत्रा कोणाकडे जाईल हे त्या व्यक्तीला विचारून ठेवावं. मुलगा ‘हो हो’ म्हणतो. सुनेला आणि त्यांच्या सोसायटीलाही विचारावं.

आणायचं ठरलं की घराकडे पाहायचं. आधीचा कुत्रा पार्व्होने गेला असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हा विषाणू कमालीचा चिवट असतो. घरात काही महिने आणि अंगणातल्या सावलीच्या मातीत वर्षभरही टिकू शकतो. नेहमीच्या फिनाइलवर विसंबता येत नाही, ब्लीच लागतं. त्याच अंथरुणावर, त्याच भांड्यात नवं पिल्लू आणून ठेवलं तर आठवड्याभरात तेच रक्ताचे जुलाब पुन्हा पाहावे लागतात. अशा घरात लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणणं सुरक्षित. डिस्टेंपरचा विषाणू उलट नाजूक असतो, घरात फार टिकत नाही. गोचिडांचं वेगळंच. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड सगळं आयुष्य घरातच काढू शकते आणि रक्त न मिळता भिंतीच्या फटीत महिनोन्‌महिने जगते. जुना कुत्रा टिक फिव्हरने गेला असेल तर नवा येण्याआधी पेस्ट कंट्रोल करून घ्यावं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आपल्याकडच्या २०१७च्या नियमांनुसार तसं विकताही येत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत त्यांचे डोस चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, मग ठरल्याप्रमाणे दर वर्षी. इथे एक गैरसमज जिवावर बेततो. रस्त्यावरून उचलून आणलेलं गोजिरवाणं पिल्लू खेळताना चावतं, ओरखडतं, आणि घरचे म्हणतात, ‘एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज?’ पिल्लालाही रेबीज होतो. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की उपचार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पिल्लू तिसऱ्या दिवशीही खेळतंय म्हणून पुढचे डोस आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.

पट्टा, भांडी, गादी यांचं काय करायचं यावर घरात बराच खल होतो. संसर्गाने गेलेला नसेल तर धुऊन वापरायला हरकत नाही. नव्या कुत्र्याला जुन्याचा वास येतो, तो कोपरे हुंगत फिरतो, एखाद्या ठिकाणी मुततोही. त्यावर रागावून उपयोग नाही.

आणि नाव. नवं नाव ठेवलं तरी पहिले काही महिने आजी त्याला मोतीच म्हणणार. कोणी हसतं, कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात यावरही संशोधन झालं आहे. जवळच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारण्याच्या चुका २०१६मध्ये सतराशेहून अधिक लोकांकडून गोळा केल्या. या चुका नावांच्या उच्चारातल्या साम्याने कमी आणि नात्याने जास्त होत होत्या. कुटुंबातल्याला हाक मारताना कुटुंबातल्याच दुसऱ्याचं नाव ओठांवर येत होतं. त्या नावांत कुत्र्याचंही नाव होतं. मांजराचं सहसा येत नव्हतं. म्हणजे नव्या कुत्र्याला मोती म्हणणारी आजी उद्या नातवालाही मोती म्हणेल, आणि परवा मोती म्हणायचं तिथे नव्याचंच नाव तिच्या तोंडी येईल.